पुढे सरकवलेला प्याला

‘तिनं आजही नाही घेतला वं.’

चर्चच्या मागच्या खोलीत नळाखाली प्रभुभोजनाचे इवलेसे ग्लास धुणं चाललं होतं. त्या महिन्यात ती पाळी आमच्या घराची होती. आई मात्र अंगणात कोणाशी तरी बोलत थांबली होती आणि शेजारच्या आंटी नेहमीप्रमाणे न सांगता मदतीला घुसल्या होत्या. मी दुसरा ट्रे घेऊन आले आणि दारातल्या पडद्याअलीकडेच थांबले.

‘कोणी नाही घेतला?’ आतल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं.

‘आमच्या बाजूच्या पोट्टीनं. मागच्याही महिन्यात ट्रे तसाच पुढं सरकवला. मी मागच्याच बाकावर होती ना.’

‘तब्येत बरी नसन.’

‘एवढुशा द्राक्षरसानं काय होते तब्येतीले? पोट्टा असन कोणी. मिहानमध्ये कंपनीत जाते ना कामाले.’

‘आपल्यातला असन काय?’

‘आपल्यातला असता तं कप कायले सोडला असता?’

दोघी हसल्या. ग्लास एकमेकांना लागून वाजू नयेत म्हणून मी ट्रे छातीशी घट्ट धरला. मग मुद्दाम चपला वाजवत आत गेले. आंटींनी माझ्याकडे पाहिलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ‘ठेव बेटा इथं. अन् बाहेर उन्हात नको उभी राहू, काळी पडशीन.’

मी ट्रे ठेवला आणि बाहेर आले.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचा लहानसा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. बाकाबाकावरून ट्रे फिरतो. तो फिरण्याआधी पाळक, म्हणजे आमचे पास्टर, इशारा देतात, की मनात पाप लपवून जो हे घेतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. त्यामुळे ज्यानं ट्रे पुढे सरकवला त्याचं काहीतरी बिनसलं आहे असं सगळे धरून चालतात. घरातलं भांडण असेल, दारू असेल, नाहीतर प्रेमप्रकरण. माझ्या वयाच्या मुलीच्या बाबतीत तिसरंच.

कोणी मुलगा नव्हता. असता तर बरं झालं असतं असं मला त्या दुपारी खरंच वाटलं. मुलाला सोडता येतं, आणि सोडलं की कप घेता येतो. मला काय सोडायचं तेच कळत नव्हतं. मला भीती वाटत होती की माझं तारण झालेलंच नाही, प्रभूनं मला वाचवून आपलं केलेलंच नाही. मी मेले तर, किंवा प्रभू परत आला तर, तो सगळ्यांना नावानं हाक मारेल आणि माझ्यापाशी आला की म्हणेल, ही कोण?

ही भीती जुनी आहे. मी चौथी-पाचवीत असेन. शाळेच्या बसमधून नंदनवनच्या चौकात उतरून घरी आले तर दार उघडं, पंखा फिरतो आहे, गॅसवर कुकर आहे आणि घरात कोणी नाही. त्याच्या आदल्याच रविवारी संडे स्कूलमध्ये आम्हाला सांगितलं होतं, की प्रभू येईल तेव्हा आपल्या लोकांना क्षणात उचलून नेईल आणि बाकीचे जिथल्या तिथे राहतील. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या कुकरकडे बघत होते. आईला नेलं, कुकर राहिला, मी राहिले. हाक मारायचा धीर होत नव्हता, कारण हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर सगळं नक्की झालं असतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. आंटी भाजीवाल्याशी भांडत होत्या. सांबार सुकलेला आहे, फुकट दिला तरी नको, असं काहीतरी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्या आवाजानं माझे पाय परत जमिनीला लागले. आंटींचं तारण झालं आहे यात कोणालाच शंका नव्हती, त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. त्या इथे आहेत म्हणजे प्रभू अजून आलेला नाही. थोड्या वेळानं आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली आणि मला म्हणाली, ‘अशी काहून उभी आहेस? हातपाय धू.’ मी धुतले. यातलं काही मी तिला सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं, घर रिकामं दिसलं की मी आधी भिंतीपलीकडे कान देत असे.

आंटी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. प्रार्थनासभेत त्या साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की प्रभूनं त्यांना कोणत्या दिवशी, कोणत्या वॉर्डात, कोणत्या रोग्याच्या खाटेजवळ धरलं ते तारखेनिशी सांगत. त्या दिवशी पाऊस होता हेसुद्धा. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बौद्ध घरातली. तिच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तो दिवस त्यांच्या घरात घरातल्याच कोणाच्या वाढदिवसासारखा बोलला जातो. ती एकदा सहज म्हणाली, ‘तुमचं कधीचं?’ मी म्हटलं, आमचं पणजोबांपासून. ते तिला पुरलं. मला पुरलं नाही. पणजोबांचा दिवस पणजोबांचा. माझा कोणता? मला बाळपणी बाप्तिस्म्याचं पाणी लावलं, गीतं शिकवली, जेवणाआधी हात जोडायला लावले. मी बाहेर कधी होते आणि आत कधी आले, हे मला सांगता येत नाही.

कॉलेजात असताना युवकांच्या शिबिरात बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं विचारलं, ‘आज मरण आलं तर स्वर्गात जाल अशी ज्यांना खात्री आहे, त्यांनी हात वर करा.’ सगळ्या खोलीत हात वर झाले. मी माझा हात कानापर्यंत नेला आणि तिथून केस सारखे केले. मग तो म्हणाला, ज्यांना खात्री नाही त्यांनी माझ्यामागे प्रार्थना म्हणा. मी मनातल्या मनात म्हटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, नीट म्हटली नाही, म्हणून परत म्हटली. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते बघायला माणूस माघारी फिरतं, तसं माझं झालं. मिहानच्या कॅबमध्ये, लिफ्टमध्ये, जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये मी येशूला परत परत आत बोलावत होते. तो आला की नाही हे कसं ओळखायचं, ते मात्र मला कोणाला विचारता येत नव्हतं.

मी प्रार्थना इंग्रजीत करते. कॉन्व्हेंटनं लावलेली सवय. इंग्रजीत सगळं स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं निघतं. घरच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की ठरलेली मराठी वाक्यं म्हणते: प्रेमळ पित्या, आजच्या दिवसाबद्दल आभार, आजाऱ्यांना बरं कर, आमेन. बाबा कधीकधी माझ्या आधीच आमेन म्हणायच्या तयारीत असतात.

मग तो रविवार आला, मी पहिल्यांदा कप सोडला तो. पाळक झाडाबद्दल बोलले. झाड फळावरून ओळखायचं, आणि तारण झालेला माणूस त्याच्या जगण्यावरून. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मला बाकावर बसवेना. मी माझं जगणं तपासू लागले. चर्चमधले लोक आईला म्हणतात, ‘पोरगी किती शांत तुमची. ख्रिस्ती पोरीनं असंच राहावं.’ मी कोणाशी भांडत नाही, खोटं फारसं बोलत नाही, ऑफिसच्या पार्टीत दारूला हात लावत नाही. पण हे सगळं प्रभूमुळे आहे का? मी भांडत नाही कारण मला भांडायची भीती वाटते. पार्टीत पीत नाही कारण लोक बघतील याची भीती वाटते. कोणी अपमान केला तर मी उलट बोलत नाही, पण घरी येईपर्यंत मनात त्याला फाडून खाते. माझी सौम्यता, माझी सहनशीलता, ज्याला लोक फळ म्हणत होते ते सगळं लाजाळूपण होतं. ते काढून घेतलं तर खाली काय उरतं ते बघायला गेले, आणि मला काहीच दिसलं नाही.

त्याच वेळी ट्रे आला. बाबा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांपैकी एक आहेत. रसाचा ट्रे आमच्या बाजूच्या बाकांना तेच देतात, एका टोकाला देतात आणि दुसऱ्या टोकाला परत घेतात. इशारा नुकताच झाला होता. स्वतःवर दंड. मी ग्लासकडे बघितलं. मी ट्रे तसाच शेजारणीकडे दिला. दुसऱ्या टोकाला बाबांनी तो घेतला. त्यांनी भरलेल्या ग्लासकडे पाहिलं, मग बाकावरच्या तोंडांकडे, आणि माझ्यापाशी त्यांची नजर थांबली. आई वर गायकवृंदात होती, तिला दिसलं नाही. दुपारी जेवताना बाबांनी मटणातली नळी उचलून माझ्या ताटात घातली. एकच होती. एरवी ती त्यांचीच असते.

पुढच्या महिन्यात मी ठरवून गेले होते की घ्यायचंच. ट्रे आला आणि पुन्हा तेच झालं. पडद्याअलीकडून मी ऐकलं ते त्याच दिवशी.

त्यानंतर आठवड्याभरात चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आंटींचा मेसेज आला: एका तरुण बहिणीसाठी कळकळीनं प्रार्थना करा, सैतान तिला ओढून राहिला आहे. खाली रांगेनं हात जोडलेली चित्रं. आईनंही जोडले. कोणासाठी ते तिला माहीत नव्हतं. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून तिचा अंगठा स्क्रीनवर पडताना बघत होते. आंटी अंदाजानं लिहीत होत्या, पण त्यांचं खरं असेल तर? प्रभुभोजनाची भीती वाटणं हीच तर सैतानाचा हात असल्याची खूण नसेल? दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर आमच्या कॅबवाल्यानं ट्रकच्या बाजूनं गाडी काढली, त्याची मागची चाकं खिडकीला घासल्यासारखी गेली. कॅबमधल्या मुली किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या. मी डोळे मिटून परत तीच प्रार्थना म्हणत होते, शब्द एकमेकांवर आदळत होते. आणि अपघात व्हायचा तर आत्ताच होईल, मग मी कुठे जाईन, एवढंच डोक्यात होतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळीत एक रीत पाळतात. कोणाचं मन दुखावलं असेल तर त्याच्या घरी जाऊन मिटवून यायचं आणि मगच दुसऱ्या दिवशी कपाला हात लावायचा. बरेच जण हे मनातल्या मनात उरकतात. आंटी मनात काही ठेवणाऱ्यांतल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी बाबा स्टुलावर चढून कूलरला नवी खस लावत होते, आई कपड्यांच्या घड्या करत होती. आंटी दारातूनच ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणत आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

‘चहा ठेवू?’ आईनं विचारलं.

‘चहा नको. मी माफी मागायले आली.’

‘कोणाची जी?’

‘हिची.’ त्यांनी माझ्याकडे हात केला. ‘मी हिच्याबद्दल बोलली. चर्चमध्ये बोलली, अन् मग अजून एकदोघींजवळ बोलली. उद्या कप आहे. हे ठेवून मी तोंडाले कसा लावू?’

‘काय बोलल्या तुम्ही?’

‘हेच, का हिचं बाहेरच्या पोट्ट्याशी चालू आहे म्हणून.’

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ‘कोणता पोट्टा?’

‘मले काय माहीत? मी तं अंदाजानं बोलली. म्हणून तं माफी मागून राहिली ना.’

‘पण अंदाज आला कुठून?’

‘कप नाही घेत ना ती. दोनदा झालं.’

आई माझ्याकडे वळली, मग स्टुलाकडे. ‘तुम्हाले माहीत होतं?’

‘हाव,’ बाबा वरून म्हणाले.

‘अन् मले नाही सांगितलं?’

‘मी म्हटलं, सांगीन तिची ती.’

आईनं हातातली घडी बाजूला ठेवली. मग तिला काहीतरी आठवलं. ‘आंटी, तो तुमचा ग्रुपवरचा मेसेज. सैतानवाला.’

‘तो हिच्यासाठीच टाकला होता.’

‘मी त्याच्याखाली हात जोडले.’

‘चांगलंच केलं वं, प्रार्थना कोणाचीही वाया नाही जात,’ आंटी म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

आई माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज मऊ होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ‘खरं सांग. कोण आहे तो?’

‘कोणी नाही.’

‘कोणी असन तरी चालन. आम्ही काही मारत नाही तुले. फक्त सांग.’

‘खरंच कोणी नाही, आई.’

‘मग कप काहून नाही घेतला?’

मी फरशीकडे बघत राहिले. माझं तारण झालेलं नाही हे आतापर्यंत फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि डोक्यातलं चुकीचं असू शकतं. या खोलीत मी ते बोलून दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं. आई रडली असती. बाबांना पंच म्हणून मान खाली घालावी लागली असती. आणि आंटींनी, ज्यांच्या नुसत्या आवाजावर मी लहानपणी विश्वास टाकला होता, त्यांनी मान हलवून म्हटलं असतं, हो बेटा, दिसतेच तसं.

‘तिले नको विचारू आता,’ आंटी आईला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ‘पण मले तू माफ केलं म्हण बेटा. नाही तं मी उद्या बाकावर नुसतीच बसीन.’

‘केलं, आंटी.’

‘मनापासून?’

‘हो.’

त्या उठल्या. ‘चला, प्रार्थना करू.’

आमच्या घरांतून पाहुणा प्रार्थनेशिवाय जात नाही, भांडायला आलेला असला तरी. आम्ही सगळे उभे राहिलो. बाबा स्टुलावरून उतरले. त्यांच्या बाह्यांना खसचे तुकडे चिकटले होते. ‘करा तुम्ही,’ आई त्यांना म्हणाली. पाहुणा आला की प्रार्थना बाबाच करतात. त्यांनी हात झटकले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आज तू कर, बेटा.’

‘मी?’

‘हाव. तूच.’

त्यांनी डोळे मिटले. आईनं मिटले, आंटींनी मिटले. मी मिटले नाहीत. एवढ्या जवळून, न बोलणाऱ्या आंटी मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. तारखेनिशी खात्री असलेली ही बाई स्वतःहून माझ्या दारी आली होती, कारण तिला उद्याच्या कपाची भीती वाटत होती. भीती वाटली म्हणून ती कपापासून लांब गेली नव्हती. मला याचा पूर्ण अर्थ लागला असं मी म्हणणार नाही. पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि माझ्यासारख्या मुलीला बोलायला एवढीच जागा लागते.

‘प्रेमळ पित्या,’ मी सुरुवात केली, ‘आजच्या दिवसाबद्दल आभार.’ आता आजाऱ्यांचं वाक्य यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याच्या जागी इंग्रजी वाक्यं येऊ लागली, ती मी येऊ दिली नाहीत. आईनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, पण डोळे कोणीच उघडले नाहीत. मग मी ज्या भाषेत आम्ही घरात एकमेकांना जेवायला हाक मारतो त्याच भाषेत म्हणाले,

‘प्रभू, मी तुझी आहे का नाही, मले कळत नाही. मी लय शोधलं, माझ्यात काहीच सापडून नाही राहिलं. मले तुझी भीती वाटते. पण भीती वाटली का मी तुलेच हाक मारते, दुसरं कोणाले मारू ते मले माहीत नाही. तू मले सोडू नको. उद्या मी कप घेईन. माझा हात कापन, तरी घेईन. तू मले पाठवू नको परत.’